दुसऱ्या वैद्याचे मत : मुंबईच्या प्लेगची हकीकत

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी पहिल्याच बैलाला कासरा लावून घरी आणत नाही. तो दात पाहतो, दहा पावले चालवून पाहतो, खुरांवरून हात फिरवतो, आणि बरोबर नेलेल्या जाणत्या माणसाला विचारतो, "काय पाटील, कसा वाटतो?" जमीन घेताना सात-बारा काढतो, चतुःसीमा पाहतो, शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलतो. मुलीचे लग्न ठरवायचे म्हटले तर चार गावांत चौकशी होते. आणि हे योग्यच आहे. पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतोच.

पण घरातले माणूस अंथरुणाला खिळले, डॉक्टरांनी एखाद्या मोठ्या आजाराचे नाव घेतले किंवा शस्त्रक्रिया सांगितली, की मात्र ही सगळी चौकसबुद्धी गोठून जाते. कोणी मुकाट्याने मान डोलावतो, तर कोणी मुकाट्याने उठून देवऋष्याकडे जातो. "डॉक्टरसाहेब, आणखी एका डॉक्टरांना दाखवून विचारू का?" एवढे साधे वाक्य काही तोंडातून निघत नाही. डॉक्टर रागावतील, त्यांचा अपमान होईल, अशी भीती वाटते.

हा अपमान नव्हे, हे सांगण्यासाठी आज मी तुम्हाला आपल्याच मुंबईतली एक हकीकत सांगणार आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती गोष्ट आहे. एकाच रोगाच्या पायी तीत दुसरे मत घेण्याची वेळ पुनःपुन्हा आली. दुसऱ्या मताचे मोल काय, आणि खरे दुसरे मत कशाला म्हणावे, हे दोन्ही तीत आपल्याला पाहायला मिळते.

साल १८९६. पावसाळा सरत आला होता. मुंबईच्या बंदराला लागून मांडवी नावाचा भाग आहे. धान्याची मोठमोठी गोदामे, त्यांना चिकटून दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, ओल आणि उंदरांचा सुळसुळाट, अशी तिथली स्थिती होती. या भागात डॉ. अकासिओ विएगस हे डॉक्टरी करीत. ते मूळचे गोव्याचे, हडफड्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून ते बाहेर पडले होते आणि मुंबई महापालिकेचे सभासदही होते. सप्टेंबर महिन्यात त्यांना काही रोगी असे दिसले, की ज्यांना एकाएकी कडक ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई, आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. डॉ. विएगस यांनी निदान केले : हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे.

आज आपण हे सहज बोलून जातो. त्या काळी मात्र प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालणे होते. मुंबई हे व्यापाराचे गाव. प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, माल अडकणार, मजूर पळणार. म्हणून व्यापारी नाखूष, अधिकारीही नाखूष. नवा काही ताप असेल, असे म्हणून वेळ मारून नेणे सर्वांनाच सोयीचे होते. एकट्या डॉक्टरच्या शब्दावर एवढे मोठे शहर हादरवायचे कसे, हा प्रश्नही अगदीच खोटा नव्हता.

मग काय झाले? स्वतंत्र तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले आणि निदान पुन्हा तपासायला सांगण्यात आले. त्यांनी रोगी पाहिले, तपासण्या केल्या. डॉ. विएगस यांचे निदान बरोबर ठरले. मुंबईत प्लेग आला होता.

श्रोते हो, इथे क्षणभर थांबू या. या दुसऱ्या तपासणीने डॉ. विएगस यांची किंमत कमी झाली का? उलट वाढली. पुढे ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. ज्याचे निदान पक्के असते त्याला दुसऱ्याने तपासले तर भय कशाचे? सोने कसाला लावले म्हणून ते झिजत नाही. दुसरे मत बहुतेक वेळा पहिल्या मताला दुजोराच देते. मग ते घेऊन मिळवले काय, असे कोणी विचारील. मिळवली ती खात्री. खात्री झाली की माणूस औषध नेमाने घेतो, पथ्य पाळतो, आणि गाव एका दिशेने कामाला लागते.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. रोग आपल्या शंकेसाठी थांबत नाही. जे दिवस 'प्लेग आहे की नाही' या वादात गेले, त्या दिवसांत मांडवीतला रोग पुढच्या गल्लीत शिरला. थोड्याच महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून पळाली. पळणाऱ्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही कोकणात, देशावर, गुजरातेत गेला. तेव्हा दुसरे मत घ्यायचे ते झटपट घ्यावे, हा या हकीकतीतला पहिला धडा.

दुसरा धडा पुण्याचा. १८९७ साली पुण्यात प्लेग शिरला, आणि घरोघर तपासणी करण्याचे काम गोऱ्या सोजिरांकडे आले. लोकांच्या घरात, माजघरात, देवघरात ते शिरत. रोग्याला उचलून नेत, सामानाची नासधूस होई. तपासणी म्हणजे जुलूम, अशी लोकांची भावना झाली. परिणाम उलटाच झाला. लोक रोगी लपवू लागले. संताप इतका वाढला, की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांना पोचवीत होत्या. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. रोगी तोच, तपासणीही तीच. पण एकीकडे बंदुकीचा धाक होता, आणि दुसरीकडे आईची माया होती. औषधपाण्याचा पाया विश्वास हा आहे, आणि विश्वास प्रश्न विचारू दिल्याने वाढतो, तोंड दाबल्याने वाढत नाही.

आता या हकीकतीतला तिसरा माणूस येतो. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. हा युक्रेनमधल्या ओडेसा शहरचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने काम केले होते आणि पटकीची लस घेऊन तो १८९३ साली हिंदुस्थानात आला होता. प्लेग सुरू झाल्यावर १८९६ च्या ऑक्टोबरात सरकारने त्याला कलकत्त्याहून मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला थोडीशी जागा मिळाली, मदतनीस मोजकेच. तिथे त्याने प्लेगचे जंतू मांसाच्या रश्शात वाढवले. आणि गंमत अशी, की जंतू नीट वाढावेत म्हणून त्या रश्शावर तो आपल्याकडचे साजूक तूप सोडी. तुपाच्या थेंबाला धरून जंतूंच्या वाढीच्या पारंब्या खाली लोंबत. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे आणि त्यांची लस करायची, अशी ही रीत.

लस तर तयार झाली. पण ती सुरक्षित आहे हे कोणी सांगावे? हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण तो बरा झाला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लोकांचा मात्र विश्वास बसेना. सरकारी सुईत काय असेल कोण जाणे, अशी कुजबूज चाले. तेव्हा आगाखानांनी आपल्या खोजा जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली. पुढाऱ्याने आधी बाही वर केली, तेव्हा मागच्यांनी केली.

हाफकिन एवढ्यावर थांबला नाही. आपलेच म्हणणे खरे मानून चालायचे नाही, ते ताडून पाहायचे, ही त्याची शिस्त होती. १८९८ साली बडोद्याजवळच्या उंडेरा गावात त्याने प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथला हिशोब असा झाला. लस घेतलेले ७१ होते, त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ दगावले. लस न घेतलेले ६४ होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ दगावले. शिक्षक बंधूंनो, हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून पाहावेत. 'अमक्याला गुण आला' या बोलण्यात आणि अशा हिशोबात काय फरक आहे, ते मुलांना चटकन कळेल.

आणि आता या हकीकतीतला सर्वांत कठीण भाग येतो.

३० ऑक्टोबर १९०२. त्या वेळच्या पंजाब प्रांतात मुलकोवाल नावाच्या गावी लस टोचण्याचे काम चालले होते. त्या दिवशी अनेक बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना लस दिली, त्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व दगावले. लस घ्यायला विश्वासाने पुढे आलेली ही माणसे होती. त्यांच्या घरांवर काय प्रसंग ओढवला असेल, याची कल्पनाच करावी.

दोष कोणाचा? सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने मत दिले, की दोष मुंबईच्या प्रयोगशाळेतच झाला असावा. हाफकिनने लस करण्याच्या रीतीत थोडा बदल केला होता, त्यावर बोट ठेवले गेले. त्याला कामावरून दूर करण्यात आले. मग प्रकरण दुसऱ्या मतासाठी लंडनच्या लिस्टर संस्थेकडे गेले. तिनेही आयोगाच्या बाजूनेच कौल दिला.

म्हणजे दुसरे मत घेतले, आणि तेही चुकले! असे का झाले? कारण पहिल्यांनी गोळा केलेल्या पुराव्यावरूनच दुसऱ्यांनी मत दिले. तोच दस्तऐवज, तोच चष्मा. एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींत भरले म्हणून विहिरी दोन होत नाहीत.

पुढे काही शास्त्रज्ञांनी सगळी हकीकत मुळापासून नव्याने तपासली. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस त्यांत होते. त्यांनी साधेच प्रश्न विचारले. बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. धनुर्वाताचे जंतू तिच्यात तेव्हापासून असते, तर बाटलीला दुर्गंधी आली असती. पण उघडताना वास घेऊन पाहिला, तेव्हा तशी दुर्गंधी नव्हती. जंतूंचे विष इतके दिवस बाटलीत साठले असते, तर माणसे लगेच आजारी पडली असती. प्रत्यक्षात ती काही दिवसांनी पडली. आणि बाटली उघडताना काय झाले? मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बाटलीचे बूच काढले गेले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तर आज खेड्यातली प्रत्येक आई जाणते. दोष मुलकोवालच्या मातीत पडलेल्या त्या चिमट्याचा होता.

१९०७ साली रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात हे जाहीरपणे मांडले, आणि त्याच वर्षी हाफकिनवरचा ठपका दूर झाला. मध्ये पाच वर्षे गेली होती. पंजाबातली लस टोचण्याची मोठी मोहीम तोवर थंडावली होती, आणि लोक प्लेगने मरत होते. १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी वाड्यात जिचे कामकाज सुरू झाले होते, त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिनचे नाव देण्यात आले. हाफकिन संस्था आजही तिथेच आहे.

तेव्हा दुसरे मत म्हणजे नुसते दुसरे तोंड नव्हे. दुसरे मत म्हणजे रोग्याकडे नव्या डोळ्यांनी पाहणे, हा या हकीकतीतला सर्वांत मोठा धडा.

ही काही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली गोष्ट आहे असेही नाही. आपल्या चरकसंहितेत वैद्याने दुसऱ्या वैद्याशी चर्चा करावी, असे सांगितले आहे. तिला तद्विद्यसंभाषा असे नाव आहे, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांनी एकत्र बसून बोलणे. अशा बोलण्याने ज्ञान वाढते आणि शंका फिटते. जो वैद्य दुसऱ्या वैद्याला विचारतो तो कमी दर्जाचा, असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही.

आता कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला, प्लेगही गेला. खरे आहे. प्लेग लवकर ओळखला तर आज त्यावर गुणकारी औषधे आहेत. पण प्रश्न जिथल्या तिथे आहे. २०१९ सालची गोष्ट घ्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पोटात दुखते, अंगावरून जाते, म्हणून गेल्या. कोणी 'कॅन्सर होईल' असे भय घातले. कोपता सुटून मजुरी बुडेल, ही धास्ती होतीच. पिशवी काढली, आणि मागाहून कंबरदुखी, थकवा यांनी आयुष्य व्यापले. यांतल्या काहींना शस्त्रक्रिया खरोखर लागली असेल. पण किती जणींना कोणी म्हणाले असेल, की "बाई, घाई करू नको, एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवून ये"? पुढे त्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. म्हणजे दुसरे मतच सक्तीचे करावे लागले. ते आपण होऊन मागायची सवय असती, तर किती बरे झाले असते.

ही सवय कशी लावावी, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ ओळखा. साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडे होऊन हातपाय लुळे पडले, बाळंतिणीला फार रक्त जाऊ लागले, तर दुसऱ्या मताच्या मागे लागू नका. १०८ ला फोन करून जवळचा दवाखाना गाठा. पण ठरवून करायची शस्त्रक्रिया, जन्मभर घ्यायचे औषध, मोठ्या आजाराचे निदान किंवा शेत गहाण टाकावे लागेल असा खर्च समोर आला, की दुसऱ्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट, कागद सांभाळा. चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, क्ष-किरणांचे फोटो एका पिशवीत तारीखवार ठेवा. भरती झालेल्या रोग्याने आपले कागद मागितले, तर ते ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ सालापासून नियम आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्कही नोंदवला आहे. तेव्हा मागताना संकोच नको, आणि उर्मटपणाही नको. "डॉक्टरसाहेब, घरच्यांच्या समाधानासाठी एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवतो, कागद द्याल का?" एवढे म्हटले की पुरे. चांगला डॉक्टर आपण होऊन चिठ्ठी लिहून देईल.

तिसरी गोष्ट, जाणत्यालाच विचारा. त्या रोगाचे शिक्षण घेतलेला, आणि पहिल्याने सांगितलेल्या शस्त्रक्रियेत ज्याचा काही लाभ नाही, असा डॉक्टर पाहा. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही दारे आपल्यासाठी उघडी आहेत. त्याला पहिल्याचे मत आधी सांगण्यापेक्षा आधी आपला त्रास सांगा आणि त्याला स्वतः तपासू द्या. मुलकोवालची आठवण ठेवा. आणि आपल्याला आवडेल तेच सांगणारा माणूस सापडेपर्यंत दहा दारे फिरणे, याला दुसरे मत म्हणत नाहीत. ती स्वतःची फसवणूक होते. दोन मते जुळली तर उपचाराला लागा. नाही जुळली, तर फरक कशामुळे पडला, ते दोघांनाही विचारा.

शिक्षक बंधु-भगिनींनो, गावात पत्र वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे काम तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आता आजाऱ्याचे कागद लावून देणे, डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न लिहून देणे, हेही त्यात धरा. काय झाले आहे? हे कशावरून कळले? उपचार केला नाही तर काय होईल? दुसरा काही मार्ग आहे का? एवढे चार प्रश्न पुष्कळ झाले. आणि आयाबहिणींनो, घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी तुम्ही, आजारही सर्वांच्या शेवटी सांगता. तसे करू नका.

शिर सलामत तो पगडी पचास. जमीन गेली तर कष्टाने परत मिळवता येते, बैल गेला तर दुसरा घेता येतो. शरीर मात्र एकच असते. बैलाचे दात मोजण्याइतकी चौकशी आपण त्याच्यासाठीही करू या.